रक्ताचा हजेरीपट

व्यायामाविषयी आपल्या लोकांचे मन पूर्वापार द्विधा आहे. तालमीची माती अंगाला लावणारा, जोर-बैठकांचे आकडे अभिमानाने सांगणारा समाज म्हणून आपली ख्याती आहे. आणि घरातला मुलगा जरा अधिक घाम गाळू लागला की 'अति तेथे माती' म्हणत त्याला मागे ओढणारेही आपणच. गायकवाडी अमदानीत गुजरातेत स्थिरावलेली घराणी घ्या, की उधना-जळगाव लोहमार्गाने सुरतेच्या मागांकडे आलेले खानदेशी बांधव घ्या, ही दुविधा प्रत्येकाच्या शिदोरीतून इकडे आली आहे. तिच्या मुळाशी एक समजूत आहे. फार मेहनत केली की अंगातली रोगाशी झगडण्याची ताकद आटते आणि मग लहानसहान आजारही माणसाला धरतो, अशी ती समजूत. गंमत अशी की, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पाश्चात्त्य विज्ञानानेही जवळपास हेच सांगितले, आणि अलीकडे त्यातला बराचसा भाग पुन्हा तपासून पाहिला. या फेरतपासणीची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले. त्याला एक शेजारधर्माचे निमित्तही घडले.

आमचे वास्तव्य गोडादऱ्यात. सुरतेच्या या पूर्वेकडील टोकाला पहाटे साडेचार-पाचच्या सुमारास जो कुणी बाहेर पडेल, त्याला दोन प्रकारची माणसे भेटतील. रात्रपाळी उरकून खात्यातून परतणारी, आणि अंधारातच धावायला निघालेली. (मागाच्या कारखान्याला इथे सारेजण 'खाते' म्हणतात, सरकारी खात्यात जन्म घालवलेल्या आमच्यासारख्याला या शब्दाची सवय व्हायला वेळ लागला.) धावणारी मुले बहुधा भरतीची तयारी करीत असतात. गुजरात पोलीस दलाच्या शारीरिक कसोटीत पुरुष उमेदवाराला पाच किलोमीटर अंतर पंचवीस मिनिटांत कापावे लागते, तर मुलींना सोळाशे मीटर साडेनऊ मिनिटांत. वाचताना हे आकडे सोपे वाटतात. ज्यांनी उमेदीच्या काळात कधी पाच किलोमीटर न थांबता धावून पाहिले असेल, त्यांना त्यातील मेख कळेल.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. धुळे जिल्ह्यातून तरुणपणी आले, मागावर उभे राहून संसार केला. त्यांचा नातू पदवीधर आहे, दिवसा रिंग रोडवरच्या कापडबाजारात नोकरी करतो आणि पहाटे धावतो. मुलगा गुणी आहे. परंतु मागल्या हिवाळ्यात त्याला दर पंधरा-वीस दिवसांनी सर्दी-खोकला होऊ लागला. घरच्यांनी रक्ताची तपासणी करविली. अहवालात लिंफोसाइट नावाच्या पेशींपुढे 'कमी' अशी खूण होती आणि न्यूट्रोफिल नावाच्या पेशींपुढे 'जास्त' अशी. कुणी तरी सांगितले की, ही प्रतिकारशक्ती खालावल्याची निशाणी, धावणे ताबडतोब बंद करा. आजोबा तो कागद घेऊन आमच्या ओट्यावर आले.

"साहेब, तुम्ही दोन शब्द सांगा त्याला. तुमचं ऐकेल तो. रक्त आटवून वर्दी मिळाली तरी काय कामाची?"

नातू मागेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, आता धाव सोडली तर वर्ष गेलं. पुढच्या भरतीला वय राहतं की नाही, कुणास ठाऊक."

दोघांचेही खरे होते, हीच अडचण. आम्ही वैद्य नव्हे. आमची पदवी संख्याशास्त्राची आणि नोकरी राज्य शासनाची. त्यामुळे कागदावरचा आकडा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि कोणत्या परिस्थितीत घेतला, हे विचारण्याची मात्र खोड आहे. ते विचारले तेव्हा कळले की, रक्त उपाशीपोटी द्यायचे म्हणून मुलगा नेहमीप्रमाणे धावून आला आणि मैदानावरून परस्पर तपासणीला गेला. धाव संपून दीडेक तास झाला असावा. त्या दिवशी त्याला सर्दी नव्हती, ताप नव्हता. हा दीड तास महत्त्वाचा आहे. तो का, हे सांगण्यासाठी रक्तातल्या पेशींकडे वळावे लागेल.

आपल्या रक्तात दर घन मिलिमीटरला साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी अर्ध्याहून अधिक न्यूट्रोफिल. जंतू गिळणे हे त्यांचे काम. पेशी जंतूंना गिळतात हे प्रथम ओळखले ते रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी, १८८२ साली. त्यांचेच शिष्य हाफकिन पुढे मुंबईत आले आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेते झाले. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव मिरवते. १९९४ चा प्लेग अनुभवलेल्या सुरतकरांना हे नाव परके वाटू नये. दुसरा मोठा वर्ग लिंफोसाइट पेशींचा. यांत शत्रूची ओळख स्मरणात ठेवणाऱ्या पेशी असतात, प्रतिपिंडे बनवणाऱ्या असतात, आणि विषाणूने ग्रासलेली किंवा कर्करोगाकडे झुकलेली पेशी दिसताच तिला ठार करणाऱ्याही असतात. या शेवटच्या पेशींना 'नैसर्गिक मारक पेशी' असे नाव आहे.

आता लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, यांतल्या फार थोड्या पेशी कोणत्याही एका क्षणी वाहत्या रक्तात असतात. बाकीच्या प्लीहेत, लसिकाग्रंथींत, अस्थिमज्जेत, आतड्याच्या व फुप्फुसाच्या अस्तरात मुक्काम ठोकून असतात. काही तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाच चिकटून बसलेल्या असतात. माणूस जोराने धावू लागला की हृदयातून मिनिटाला वाहणारे पाच लिटर रक्त वीस लिटरवर जाते. अ‍ॅड्रिनॅलिन उसळते. या दोहोंच्या रेट्याने भिंतीवरच्या आणि प्लीहेतल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. अ‍ॅड्रिनॅलिनची हाक सर्वांत आधी मारक पेशींना ऐकू जाते. त्यांची रक्तातली संख्या काही मिनिटांतच अनेक पटींनी वाढते. धाव थांबली की चित्र उलटते. तासा-दोन तासांत लिंफोसाइट पेशींची संख्या उतरू लागते आणि मूळ पातळीच्याही खाली, कधी निम्म्यापर्यंत येते. न्यूट्रोफिल मात्र त्या वेळी कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकामुळे अस्थिमज्जेतून येतच राहतात. चोवीस तासांच्या आत सारे पूर्ववत होते. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या नातवाच्या अहवालात लिंफोसाइट कमी आणि न्यूट्रोफिल अधिक, हे जे दिसले, ते धावून आलेल्या कोणत्याही धडधाकट तरुणाच्या रक्तात त्या घटकेला दिसलेच असते.

त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आम्ही त्यांना पुन्हा पाठविले. डॉक्टरांनीही पहिला प्रश्न धावण्याच्या वेळेचाच केला, आणि दोन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा तपासणी करायला सांगितले. दुसऱ्या अहवालात एकाही आकड्यापुढे खूण नव्हती.

तरीही आजोबांचे समाधान होईना. "पण साहेब, कमी झाल्या त्या गेल्या कुठं?" हा प्रश्न त्यांनी सहज विचारला, शास्त्रज्ञांना तो नीट विचारायला बरीच वर्षे लागली होती.

पांढऱ्या पेशींची धावण्यानंतरची वाढ तशी फार जुनी माहिती. बोस्टनच्या १९०१ सालच्या मॅरेथॉनमधील धावकांचे रक्त तपासून लॅराबी नावाच्या डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी ती प्रसिद्ध केली. नंतरच्या घसरणीकडे मात्र लोकांचे लक्ष गेले ते दूरच्या दक्षिण आफ्रिकेमुळे. केपटाउनला 'टू ओशन्स' नावाची ५६ किलोमीटरची शर्यत होते. १९८२ साली त्या शर्यतीतले दीडशे धावक आणि त्यांच्याच घरात राहणारी, न धावलेली तेवढीच माणसे, यांची तुलना करण्यात आली. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत धावकांपैकी ३३.३ टक्क्यांना सर्दी-घशाची लक्षणे दिसली, घरच्यांपैकी १५.३ टक्क्यांना. जे जास्त वेगाने धावले, त्यांच्यात लक्षणे अधिक. पाठोपाठ १९८७ च्या लॉस एंजलिस मॅरेथॉनचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शर्यतीनंतरच्या आठवड्यात धावकांपैकी १२.९ टक्के आजारी पडले, आणि तयारी करूनही प्रत्यक्ष शर्यतीत न उतरलेल्यांपैकी अवघे २.२ टक्के.

एका बाजूला आजार वाढलेला, दुसऱ्या बाजूला रक्तातल्या लिंफोसाइट पेशी घटलेल्या. दोन आणि दोन चार करण्याचा मोह कुणाला होणार नाही? तीव्र व्यायामानंतर काही तास शरीराची 'खिडकी उघडी' राहते आणि जंतू आत शिरतात, असा सिद्धांत रूढ झाला. त्याला जोड म्हणून इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचा आलेख आला. बैठ्या माणसाला आजाराचा धोका मध्यम, बेताचा व्यायाम करणाऱ्याला कमी, आणि अति व्यायाम करणाऱ्याला सर्वांत जास्त, असे तो दाखवीत असे. क्रीडाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा आलेख वर्षानुवर्षे छापला गेला. आपल्या 'अति तेथे माती'चेच हे जणू भूमितीतले रूप.

आता आमची खोड आड येते ती इथे. लॉस एंजलिसच्या अभ्यासात धावकांची संख्या १,८२८ होती आणि तुलनेसाठी घेतलेल्यांची १३४. त्या १३४ पैकी २.२ टक्के म्हणजे माणसे किती? तीन. त्या आठवड्यात आणखी चार-पाच जणांना पडसे झाले असते तर टक्केवारी दुप्पट-अडीचपट झाली असती. शिवाय आजार म्हणजे काय, तर धावकाने स्वतः सांगितलेली लक्षणे. घशाचा नमुना कुणी तपासला नव्हता. तासन्‌तास तोंडाने कोरडी हवा ओढली की घसा खवखवतोच. त्याला जंतूच लागतात असे नाही. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळाडूंच्या घशाचे नमुने प्रत्यक्ष तपासले गेले, तेव्हा सर्दीची लक्षणे सांगणाऱ्या ३७ प्रकरणांपैकी अवघ्या ११ मध्ये जंतू सापडले. केपटाउनचा अभ्यास त्या मानाने पक्का, कारण तुलनेची माणसे एकाच घरातली. पण शर्यतीची आदली रात्र, तिथली हजारोंची गर्दी, प्रवास, बाहेरचे खाणे, हे सारे धावकाच्याच वाट्याला आलेले असते. घरी राहिलेल्याच्या नाही.

आणि त्या नाहीशा झालेल्या पेशी? जर्मनीतील संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांच्या लिंफोसाइट पेशींवर चमकणारी खूण केली, उंदरांना दमेपर्यंत धावविले आणि त्या पेशी कुठे जातात ते पाहिले. त्या मेल्या नव्हत्या. फुप्फुसात, अस्थिमज्जेत आणि आतड्याच्या भिंतीतल्या लसिकापुंजांत जाऊन पोहोचल्या होत्या. जंतू जिथून आत शिरण्याचा संभव अधिक, नेमक्या त्या नाक्यांवर.

हे वाचले तेव्हा आम्हांला २००६ चा ऑगस्ट आठवला. उकाईच्या पाण्याने सुरत बुडाली, ते दिवस वाचकांपैकी अनेकांनी सोसले आहेत. आम्ही त्या वेळी शासनाच्या एका कचेरीत होतो. शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत जो तो कुठे ना कुठे धाडलेला. कुणी होडीबरोबर, कुणी दुधाच्या पिशव्यांबरोबर, कुणी मेलेल्या जनावरांची नोंद करायला. अशात वरून एक पाहुणे तपासणीला आले. त्यांनी रिकाम्या खुर्च्या मोजल्या, हजेरीपट पाहिला आणि शेरा लिहिला की, कर्मचारी मोठ्या संख्येने गैरहजर. शेऱ्यातले शब्द आजही आमच्या ध्यानात आहेत, पण ते असो. रक्ताचा थेंब काढून पेशी मोजणे म्हणजे कचेरीत बसून हजेरी घेणे होय. शिपाई पळाला की फिरतीवर गेला, ते हजेरीपटावरून कळत नाही. आजोबांना आम्ही हेच सांगितले. पूर त्यांनीही पाहिलेला. त्यांना तत्काळ पटले. नातवाला मात्र पुराचे फारसे काही आठवत नाही.

२०१८ साली इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातील कॅम्पबेल आणि टर्नर यांनी हा सारा पुरावा एकत्र मांडून 'उघड्या खिडकी'चा सिद्धांत टिकत नाही, असे प्रतिपादन केले. व्यायामाच्या प्रत्येक फेरीने पहारेकरी पेशींना गस्तीवर पाठविले जाते, म्हणून व्यायाम प्रतिकारशक्तीला पोषकच आहे, असा त्यांचा रोख. त्याआधी २०१६ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखविले होते की, चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या गाठी न धावणाऱ्या उंदरांच्या मानाने निम्म्याहूनही लहान राहतात. मारक पेशी गाठीच्या आत शिरलेल्या आढळतात, आणि अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम औषधाने रोखला तर हा लाभ नाहीसा होतो. उंदराचे ते उंदराचे, माणसाला ते जसेच्या तसे लावू नये, हे आम्ही जाणतो. सर्व पंडितांचे एकमत झाले असेही नाही. २०२० मध्ये या विषयातील जाणकारांनी दोन्ही बाजू एकाच लेखात मांडल्या. एक पक्ष अजूनही म्हणतो की, दीर्घकाळ अतिश्रम करणाऱ्या खेळाडूत प्रतिकारशक्ती काही अंशी मंदावते. परंतु झोप, मानसिक ताण, प्रवास आणि आहार यांचा वाटा मोठा आहे, यावर मात्र दोन्ही पक्षांचे फारसे दुमत नाही.

झोपेचा विषय निघाला, तेव्हा आम्ही नातवाला त्याच्या दिनक्रमाविषयी विचारले. बाजारातून सुटायला रात्रीचे नऊ. घरी येऊन जेवण, मग लेखी परीक्षेचा अभ्यास साडेबारा-एकपर्यंत. पहाटे साडेचारला गजर. म्हणजे रोजची झोप साडेतीन-चार तास, आणि रविवारी दुपारी जी काय भरपाई होईल ती. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांची झोप आधी आठवडाभर यंत्राने मोजली गेली आणि मग सर्वांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले गेले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. आमच्या मते नातवाच्या खोकल्याचे उत्तर त्या पाच किलोमीटरांत शोधण्यापेक्षा या साडेतीन तासांत शोधणे रास्त होते.

आपल्या जुन्या जाणत्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. कोल्हापूरच्या तालमीत सकाळची मेहनत संपली की खुराक आणि त्यानंतर दुपारची झोप ही सक्तीचीच. जो पठ्ठ्या झोपेत कसूर करी, त्याला वस्ताद मेहनतीतल्या कसुरीइतकेच झाडीत. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम निम्म्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे. अति व्यायामाने होणाऱ्या विकारांत त्याने खोकला आणि ताप यांची गणना केली, हे वाचून केपटाउनच्या धावकांची आठवण होते. त्याहून मार्मिक गोष्ट पुढे आहे. ज्या गोष्टींच्या अतिरेकाने माणूस हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, त्यांच्या यादीत त्याने व्यायामाला लागूनच जागरण ठेवले आहे. अर्थात, यावरून 'आमच्याकडे सारे आधीच होते' असा डांगोरा पिटणे आम्हांला रुचत नाही. वाग्भटाने लक्षणे पाहिली, पेशी पाहिल्या नाहीत. आणि निम्म्या शक्तीचा त्याचा नियम पाळला तर पंचवीस मिनिटांत पाच किलोमीटर होत नाहीत, हेही उघड आहे.

या बाबतीत आपल्या गुजरातेतल्या मराठी मंडळींपुढे स्वामी कुवलयानंदांचा आदर्श आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म १८८३ चा, आपल्या डभोईचा. वडोदऱ्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले. तालमीतला हा माणूस पुढे योगाकडे वळला, तेव्हा त्याने केवळ श्रद्धेवर विसंबून न राहता १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले आणि आसनांचे शरीरावर काय परिणाम होतात ते उपकरणे लावून मोजावयास प्रारंभ केला. जे परंपरेने सांगितले ते मोजून पाहावे, आणि जे मोजले त्याचा अर्थ घाईने लावू नये, ही शिस्त त्यांनी घालून दिली. आपल्या तरुण मंडळींच्या मेळाव्यांत त्यांचे नाव आज फारसे ऐकू येत नाही, याची आम्हांला खंत वाटते.

एका बाबतीत मात्र आजोबांची भीती अगदी योग्य होती, आणि ती आम्ही नातवाला बजावून सांगितली. ताप अंगात असताना धावू नये. नाक गळते आहे, घसा किंचित खवखवतो आहे, एवढ्याने हलका सराव बंद करण्याचे कारण नाही असे डॉक्टर सहसा सांगतात. परंतु ताप, अंगदुखी, छातीत कफ, छातीत धडधड यांपैकी काही असेल तर धाव पूर्णपणे थांबवावी. १९४९ मध्ये रिची रसेल या ब्रिटिश डॉक्टरांनी पोलिओच्या रुग्णांविषयी नोंदविले की, लक्षणे सुरू झाल्यावरही ज्यांनी श्रमाचे काम चालू ठेवले, त्यांचा पक्षाघात अधिक तीव्र झाला. हृदयाला सूज आणणाऱ्या कॉक्सॅकी विषाणूची बाधा झालेल्या उंदरांना १९७० मधील एका प्रयोगात पोहावयास लावले, तेव्हा त्यांच्या हृदयातले विषाणू अनेक शेकडा पटींनी वाढले. कोविडच्या साथीत खेळाडूंना पुन्हा मैदानावर सोडण्यापूर्वी त्यांचे हृदय तपासण्याची जी काळजी घेतली गेली, ती याच धोक्यापोटी. भरतीची तारीख उमेदवाराच्या तापासाठी पुढे ढकलली जाईलच असे कुणी सांगू शकत नाही, आणि ताप दडवून मैदानात उतरणारी मुले असतात. त्यांना घरून कुणीतरी अडविले पाहिजे. वर्ष वाया जाणे परवडते, असे आम्ही त्या मुलाच्या तोंडावर म्हणू धजलो नाही. पण मनात तेच होते.

आम्हां साठी ओलांडलेल्यांसाठीही या शास्त्रात एक बातमी आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. तारुण्यानंतर ती आक्रसत जाते, आणि म्हातारपणी नवे शिपाई फारसे भरती होत नाहीत. बर्मिंगहॅम आणि लंडन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. साडेसहा तासांच्या आत शंभर किलोमीटर सायकल चालवू शकणारे हे पुरुष, आणि साडेपाच तासांत साठ किलोमीटर जाणाऱ्या स्त्रिया. त्यांच्या रक्तात थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशींचे प्रमाण त्यांच्या वयाच्या बैठ्या माणसांहून जास्त, किंबहुना तरुणांच्या तोडीचे आढळले. सायकलीमुळे प्रकृती टिकली की प्रकृती मुळात उत्तम म्हणून सायकल चालली, हे अशा एकवेळच्या पाहणीतून सांगता येत नाही, एवढी पुस्ती आम्ही जोडतो. आमची सौभाग्यवती ही पुस्ती म्हणजे सायकल न घेण्याची सबब आहे असे म्हणते. आमची मजल तूर्त पायी पर्वत पाटियापर्यंत.

या सर्व वाचनात एक उणीव मात्र राहून राहून जाणवली. केपटाउनचे धावक मोजले, कॅलिफोर्नियाचे मोजले, इंग्लंडचे सायकलस्वार मोजले. बारा-बारा तास मागापुढे उभा राहणारा, आवाजात आणि धाग्यांच्या तुसात श्वास घेणारा, पाळी बदलली की झोपही बदलणारा जो आपला माणूस, त्याच्या श्रमाला व्यायाम म्हणता येत नाही आणि विश्रांतीही नाही. मैदानावरच्या मुलाला निदान शर्यत संपल्यावर थांबता येते. आजोबांनी पस्तीस वर्षे ते काम केले. रक्त आटते हा त्यांचा शब्द त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. नातवाविषयी बोलताना ते पुष्कळदा स्वतःविषयीच बोलत होते, असे आम्हांला वाटते.

शेवटी ठरले ते असे. धावणे सुरू राहील. आठवड्यातून दोनच दिवस पूर्ण वेगाने, बाकीचे दिवस सावकाश, एक दिवस पूर्ण विश्रांती. लेखी अभ्यासाचा मोठा भाग रविवारी. बाजारातल्या शेठजींनी तासभर लवकर सोडायचे कबूल केले आहे, पगारात थोडी कपात करून. ती कपात आजोबा आपल्या जवळच्या पैशातून भरून काढतात, हे नातवाला माहीत नाही. गेल्या दोन महिन्यांत मुलाला एकदा सर्दी झाली आणि चार दिवसांत गेली. त्याची पाच किलोमीटरची वेळ सध्या पंचवीस मिनिटे चाळीस सेकंद आहे. रात्री दहा वाजता त्याच्या खोलीतला दिवा मालवण्याचे काम आजोबांनी आपल्याकडे घेतले आहे, आणि त्यात ते एक दिवसाचीही सवलत देत नाहीत.